ॲपचे रिव्ह्यू आणि प्रोटोटाइप करत ॲप डिझाइन शिकताना: काही महिन्यांच्या वापरानंतर एक मोठी तक्रार

माझ्या प्रोटोटाइपमधला, म्हणजे ॲप बनवण्याआधी लोकांना वापरून पाहायला द्यायच्या नमुन्यातला, नोंदणीचा फॉर्म प्रत्येक चाचणीत पास होत होता, आणि तक्रार नेमकी तीच आहे. नावाच्या रकान्यावर टॅप केलं की मी आधीच लिहून ठेवलेलं नाव उमटायचं, पुढच्या टॅपला मोबाइल नंबर, मग हिरवी खूण. सगळे म्हणायचे, "सोपं आहे." शेवटी एका काकूंनी विचारलं, "हे नाव माझं नाही, खोडू कसं?" खोडायची सोयच नव्हती. तिथला कीबोर्ड म्हणजे स्क्रीनवर चिकटवलेलं चित्र. ज्या साधनात मी प्रोटोटाइप बनवतो त्याच्या फुकटच्या प्लॅनमुळे असेल म्हणून त्याची मदतीची पानं धुंडाळली, तर पैसे भरणाऱ्यांच्या प्रोटोटाइपमध्येही खरं टायपिंग नाही. मला याचा मनापासून राग आला.

पद्धत मात्र उत्तम आहे आणि मी ती सोडणार नाही. वापरातलं एखादं ॲप घ्यायचं, एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचं, प्रत्येक स्क्रीनचा स्क्रीनशॉट काढायचा आणि वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन यांचे १९९४ चे दहा निकष समोर ठेवून अडलेली जागा लिहायची. मग तेवढाच भाग नव्याने मांडून, प्रोटोटाइप करून लोकांच्या हातात द्यायचा. सुरुवातीला माझे रिव्ह्यू रंग आणि आयकॉन यांच्यापुढे जात नव्हते. हळूहळू वेगळ्या सवयी लागल्या. फोनमधली अक्षरं सर्वांत मोठी करून ॲप उघडायचं, मधेच नेट बंद करायचं, फॉर्म अर्धवट ठेवून दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत यायचं. स्टोअरवरचे एका ताऱ्याचे रिव्ह्यू वाचणं हा तर स्वतंत्र अभ्यास आहे. मी वाचले त्यांत रंगाबद्दल क्वचितच कोणी बोललेलं होतं. ओटीपी आला नाही, भरलेलं सगळं पुसलं गेलं, चूक कुठे झाली तेच कळत नाही, हाच सूर.

म्हणजे लोक अडतात ते टाइप करताना, आणि प्रोटोटाइप नेमका तेवढाच भाग गाळतो. खरा कीबोर्ड वर आला की स्क्रीनचा खालचा मोठा भाग झाकला जातो आणि "पुढे" हे बटण त्याखाली गडप होतं. नंबर भरायचा असताना अक्षरांचा कीबोर्ड उघडतो. सुचवलेला शब्द निवडला की ईमेलच्या शेवटी एक रिकामी जागा चिकटते आणि ॲप तो पत्ता चुकीचा ठरवतं. कोणी नाव देवनागरीत लिहितं, कोणाला आडनावच नसतं. चूक झाल्याचा संदेश अक्षरागणिक दाखवायचा की रकाना सोडल्यावर, हा प्रश्नही टाइप केल्याशिवाय पडत नाही. चुका टाळणं आणि झालेल्या चुकीतून बाहेर पडायला मदत करणं हे नील्सन यांच्या दहांपैकी दोन निकष आहेत. जिथे चूक करताच येत नाही तिथे ते तपासायचे कसे?

मधल्या काळात माझं मत एका बाबतीत साफ बदललं. कागदी प्रोटोटाइप मला वेळ घालवणं वाटायचं. या चिडीतूनच फॉर्म कागदावर काढला, समोरच्याच्या हातात पेन्सिल दिली आणि स्क्रीन बदलायचं काम स्वतःकडे घेतलं. पहिल्याच रकान्यात एकाने नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सगळं लिहिलं आणि पुढचे दोन रकाने पाहून थांबला. आता ॲपने काय म्हणायचं? माझ्या डिझाइनमध्ये याचं उत्तर नव्हतं. इतक्या टॅपांनी जे दाखवलं नाही ते पेन्सिलीने दाखवलं.

तरी साधन काढून टाकलेलं नाही. प्रोटोटाइप फोनवर उघडल्याशिवाय अंगठा कुठवर पोचतो ते कळत नाही. ॲपलची ४४ पॉइंट आणि गूगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीची ४८ डीपी (पॉइंट आणि डीपी ही स्क्रीनवरची मोजमापाची एककं) ही टॅपच्या जागेची किमान मापं मोठ्या स्क्रीनवर भरपूर वाटतात, हातात घेतल्यावर तेवढी का लागतात ते समजतं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांचा ४.५:१ हा किमान कॉन्ट्रास्टही (उजळपणातला फरक) उन्हात फोन धरून पाहावा. ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या हिशेबाने ठेवलं तर वेलांट्या आणि उकार एकमेकांना भिडतात, तेही मला फोनवरच दिसलं. स्वाइप आणि स्क्रीन बदलण्याची हालचाल यांसाठी तर साधनाला पर्याय नाही.

ॲक्शर आणि प्रोटोपाय या प्रोटोटाइपच्या दुसऱ्या साधनांत खरं टायपिंग करता येतं, हे मला माहीत आहे. पण एका फॉर्मसाठी आणखी एक साधन शिकायचं आणि त्याची वर्गणी भरायची, हे मला मान्य नाही. मी फुकटातला मार्ग धरला आहे. एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेत लिहिलेलं साधं पान, त्यात तीन-चार इनपुट, म्हणजे भरायचे रकाने, नंबरासाठी रकान्याचा 'टेल' (tel) हा प्रकार. फोनच्या ब्राउझरमध्ये उघडलं की आकड्यांचा खराखुरा कीबोर्ड वर येतो. दिसायला ओबडधोबड, पण त्यात खोडता येतं, चुकता येतं, पेस्ट करता येतं. सध्या फॉर्म आधी कागदावर, मग या पानावर, आणि बाकीच्या स्क्रीन साधनात, अशी विभागणी चालू आहे.

शिकण्याच्या पद्धतीला माझ्याकडून पाचपैकी पाच, साधनाला तीन. सशुल्क प्लॅन घेतलेला नाही. खरं टायपिंग देतील त्या दिवशी घेईन.