डिझेल पिकअपचं इंधन प्रेशर: स्कॅनर आणि व्हॅक्यूम गेज, अकरा महिन्यांच्या वापरानंतर

अडीच लिटरच्या कॉमन रेल इंजिनाची पिकअप, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच हाय प्रेशर नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं. रत्नागिरीकडून आंबा घाट चढून कोल्हापूरला माल, म्हणजे भरल्या गाडीला लांब चढ ठरलेला. गेल्या जुलैपासून या गाडीवर दोन साधनं वापरात आहेत. एक, स्कॅनर: गाडीच्या ओबीडी सॉकेटमध्ये (तपासणीच्या सॉकेटमध्ये) बसणारा ब्लूटूथचा ईएलएम ३२७ अ‍ॅडॉप्टर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप. दुसरं, ग्लिसरीन भरलेलं कंपाउंड गेज, ज्याचा काटा शून्याच्या एका बाजूला उणे १ बारपर्यंत व्हॅक्यूम आणि दुसऱ्या बाजूला ३ बारपर्यंत प्रेशर दाखवतो. दोनातलं एकच घ्यायचं असेल तर गेज आधी घ्या. रेलचं प्रेशर पडलं एवढं स्कॅनर सांगतो. कशामुळे पडलं याचं अर्धं उत्तर गेजकडे असतं, आणि त्या अर्ध्या उत्तरावाचून पंप-इंजेक्टर बदलण्यात लोकांचे हजारो रुपये जातात.

गेज लावण्याआधी एक गोष्ट पक्की करायची: गाडीची लाइन ढकलणारी आहे की ओढणारी. बऱ्याच पिकअपच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतोच. रेलमध्ये डिझेल दाबणाऱ्या हाय प्रेशर पंपाला जोडूनच एक छोटा गिअर पंप असतो आणि तोच टाकीतून डिझेल ओढतो. म्हणजे टाकीतली जाळी, पाइप, प्रायमर (लाइनमध्ये डिझेल भरायचा हातपंप), फिल्टर हे सगळं ओढीवर चालतं. अशा लाइनला साधं प्रेशर गेज जोडलं की काटा शून्यावर बसून राहतो आणि "पंप गेला" असा निकाल लागतो. पंप ठणठणीत असतो, गेज चुकीचं असतं. खूण सोपी आहे. चावी ऑन केल्यावर टाकीपाशी दोन-तीन सेकंद घरघर ऐकू आली तर टाकीत पंप आहे. टाकी गप्प आणि फिल्टरजवळ हाताने दाबायचा प्रायमर असेल तर बहुतेक ओढीची लाइन. फिल्टरला आलेली वायर बघून फसू नका, ती पाण्याच्या सेन्सरची किंवा हीटरची असते. आमची गाडी ओढीची आहे, पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचा.

गेज बसतं फिल्टरच्या पुढे आणि पंपाच्या आधी. मूळ पाइप कापू नये. तेवढ्याच मापाचा डिझेलला टिकणारा दुसरा रबरी पाइप घेऊन त्यात टी (तीन तोंडांचा जोड) बसवावा, म्हणजे चाचणी झाली की मूळ पाइप परत जागेवर. टीचा आतला व्यास पाइपापेक्षा बारीक असेल तर अडथळा आपणच तयार करतो आणि तोच गेजवर मोजत बसतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून पंपात जातात. सीलंट पेस्ट किंवा तांब्याचं वायसर वापरावं, आणि बँजो बोल्ट (ज्याच्या आतूनच डिझेल वाहतं तो पोकळ बोल्ट) उघडला की दोन्ही वायसर नवे घालावेत. गेजची नळी केबिनमध्ये आणायची नाही. बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढून गेज काचेवर वायपरखाली बांधलं की चालकाला दिसतं आणि डिझेल बाहेरच राहतं. रीडिंग मात्र शेजारी बसलेल्याने घ्यावं.

पहिले तीन महिने टी कायम ठेवला होता. ती चूक. पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी क्लिप सैल पडली, जोड हवा घेऊ लागला आणि सकाळचा सेल्फ लांबायला लागला. आता गेज फक्त चाचणीपुरतं लागतं: फिल्टर बदलल्यावर एकदा, मग दर ५,००० किलोमीटरला.

नवीन फिल्टरवर आमच्या गाडीत काटा आयडलला ०.०५ ते ०.१ बार व्हॅक्यूम दाखवतो आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण लोडला ०.१५ ते ०.२. फिल्टर भरत आला की चढावरचा आकडा ०.३ च्या वर जातो, आणि ०.४ च्या आसपास गाडी ओढेनाशी होते. हे आकडे या गाडीचे. तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये वेगळी मर्यादा असेल तर तीच धरा. नवा फिल्टर बसवल्यावर पहिल्याच दिवशी आयडल आणि चढ, दोन्ही आकडे डायरीत लिहून ठेवा. पुढची सगळी तुलना त्यांच्याशी करायची असते. फिल्टर किती भरला हे ठरवायला उभ्या गाडीवर नुसता अ‍ॅक्सिलरेटर दाबून घेतलेलं रीडिंग जवळजवळ निरुपयोगी. लोड नसताना इंजिनाला डिझेल थोडं लागतं आणि अर्धा भरलेला फिल्टरही तेवढं सहज पुरवतो.

व्हॅक्यूम जास्त आणि फिल्टर नवा असेल तर अडथळा टाकीकडे आहे. तपासायला पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात डिझेल भरा आणि आखूड पाइपाने फिल्टरच्या इनलेटला थेट जोडा. कॅन टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, हलणार नाही असा ठेवायचा. उभ्या गाडीत आयडल आणि रेस, दोन्हीचे आकडे टाकीच्या लाइनवर आणि कॅनवर घेऊन ताडून बघा. कॅनवर आकडे लगेच खाली आले तर टाकीतली जाळी, चेपलेला पाइप किंवा टाकीचा व्हेंट (टाकीत हवा शिरायची वाट). व्हेंट बंद असेल तर लक्षण वेगळंच असतं: पहिला तास गाडी उत्तम, मग व्हॅक्यूम हळूहळू वाढत जातो, आणि टाकीचं झाकण उघडताच हवा सूं करून आत जाते. झाकण उघडून बंद केल्यावर गाडी सुधारली तर फिल्टर बदलण्यात अर्थ नाही.

उलट, गाडी ओढत नाही आणि व्हॅक्यूम नेहमीपेक्षा कमी, तर लाइन हवा घेते आहे किंवा गिअर पंप झिजला आहे. ओढीच्या लाइनची गळती बाहेर दिसत नाही. चालू इंजिनात डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. म्हणून खाली डाग नाही यावर समाधान मानू नका. पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप चाचणीपुरता लावा. सुरू केल्यावर चार-दोन मोठे बुडबुडे येऊन थांबले तर ते पाइप जोडतानाचे. सोडावॉटरसारखे बारीक बुडबुडे येतच राहिले तर हवा लागते आहे. फिल्टरचं सील, प्रायमरचे दोन्ही जोड, टाकीवरचा जुना रबरी पाइप, या क्रमाने बघा. रात्रभर उभी राहिलेल्या गाडीचा प्रायमर सकाळी मऊ लागणं, ही याचीच खूण.

आता स्कॅनर. पहिला गोंधळ नावाचा. अ‍ॅपमध्ये "फ्युएल प्रेशर" आणि "फ्युएल रेल प्रेशर" अशा दोन वेगळ्या ओळी असतात. पहिली लो प्रेशरची, ती ७६५ किलोपास्कलच्या वर जाऊच शकत नाही, आणि अशा डिझेलवर ती बहुधा रिकामी किंवा शून्य दिसते. आपल्याला दुसरी हवी. दुसरा गोंधळ एककाचा. ३२,००० किलोपास्कल म्हणजे ३२० बार, म्हणजे सुमारे ४,६४० पीएसआय. अ‍ॅप बारवर लावून टाका. एका वेळी तीनच ओळी ठेवा: रेल प्रेशर, आरपीएम, इंजिन लोड. दहा ओळी लावल्या की प्रत्येक आकडा सेकंद-दोन सेकंदांनी बदलतो आणि चढावरचा क्षणभराचा झोल दिसतच नाही. तीन ओळींवरही हा अ‍ॅडॉप्टर संथच आहे.

आणखी मोठी उणीव म्हणजे तो रेलमधलं प्रत्यक्ष प्रेशर दाखवतो, ईसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) मागितलेलं दाखवत नाही. ७०० बार चांगलं की वाईट हे मागणी कळल्याशिवाय ठरत नाही. मागणी ७०० असेल तर गाडी निरोगी, १,२०० असेल तर आजारी. दोन्ही आकडे शेजारी बघायचे तर कंपनी-स्तराचा स्कॅनर असलेल्या गॅरेजमध्ये एक फेरी लागतेच. तरी गरम इंजिनाला आयडलवर २५० ते ३५० बार, आणि सेल्फ मारताना एक-दोन सेकंदांत २०० च्या पुढे, एवढं घरी बघता येतं. त्याखाली अडकलं तर बरेच ईसीयू इंजेक्टर उघडतच नाहीत; सेल्फ फिरत राहतो, गाडी लागत नाही.

रेल प्रेशरच्या सेन्सरवर संशय असेल तर रात्रभर थंड झालेल्या गाडीची नुसती चावी ऑन करून बघा. रेल प्रेशर शून्याच्या जवळ हवं. तेव्हाच ४०-५० बार दिसत असेल तर सेन्सर खोटं बोलतो आहे किंवा त्याची अर्थिंगची वायर खराब आहे. सेन्सरच्या सॉकेटवर ५ व्होल्टचा पुरवठा आणि अर्थिंग तपासा, मग सिग्नल. साधारण ०.५ व्होल्ट म्हणजे शून्य, ४.५ म्हणजे सेन्सरची कमाल मर्यादा. १,८०० बारच्या सेन्सरला ३०० बारवर जवळपास १.१७ व्होल्ट यायला हवेत. वायरीच्या आवरणात सुई टोचू नका. पावसाळ्यात त्याच भोकातून पाणी शिरतं आणि महिन्याभरात तांबं हिरवं पडतं.

दोन्ही आकडे एकत्र वाचले की शोध निम्मा होतो. रेल प्रेशर पडतंय आणि व्हॅक्यूम चढतोय: फिल्टर, जाळी, पाइप. रेल पडतंय आणि व्हॅक्यूमही पडतोय: हवा किंवा गिअर पंप. रेल पडतंय पण व्हॅक्यूम डायरीतल्या आकड्यावर जागच्या जागी: आता कुठे हाय प्रेशरच्या बाजूकडे वळायचं. स्कॅनरवर येणारा पी००८७ हा बिघाडाचा कोड फक्त "रेलमध्ये प्रेशर कमी" एवढंच म्हणतो. त्याचा अर्थ "पंप बदला" असा लावला जातो, तो चुकीचा आहे.

हाय प्रेशर बाजूला सुरुवात रिटर्नपासून, म्हणजे इंजेक्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या डिझेलपासून करा. चार सारख्या बाटल्या, चार पारदर्शक नळ्या, प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एक. टाकीकडे जाणारं रिटर्नचं तोंड बुचाने बंद. इंजिन गरम करून दोन-तीन मिनिटं आयडल, मग मिनिटभर २,००० आरपीएम. थंड इंजिनावर ही चाचणी फसवते, कारण थंड डिझेल दाट असतं आणि झिजलेल्या सीटमधूनही कमी पाझरतं. एका बाटलीत बाकीच्यांच्या दुप्पट डिझेल आलं तर तो इंजेक्टर काढून बेंचवर तपासायला द्या. पिझो इंजेक्टर (कॉइलऐवजी पिझो क्रिस्टलवर उघडणारे) असतील तर हा प्रयोग करू नका. त्यांच्या रिटर्नमध्ये ठरावीक प्रेशर टिकावं लागतं.

चारही सारखे भरले तर रेलच्या टोकाचा लिमिट व्हॉल्व्ह (प्रेशर फार वाढलं की उघडणारा) तपासा. त्याचा रिटर्न पाइप सुटा करा, आयडलला तिथून काही यायला नको, थेंबांची धारही नको. त्यानंतर पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जावं हे ठरवणारा). आयडलला आकडा एका जागी न थांबता ३०-४० बारने वरखाली झुलत असेल तर तो संशयित. "वायर काढून बघू" हे इथे करायचं नाही. बॉशच्या सीपी३सारख्या पंपांत हा व्हॉल्व्ह करंट नसताना पूर्ण उघडा असतो. वायर निघताच प्रेशर उसळतं, लिमिट व्हॉल्व्ह उघडतो, आणि एकदा उघडलेला व्हॉल्व्ह परत पक्का बसेलच असं नाही.

जुन्या रोटरी पंपाच्या गाड्यांवर हात बसलेल्यांना एक कळकळीची विनंती. चालू इंजिनात इंजेक्टरचा नट सैल करून एअर काढायची सवय इथे पूर्ण सोडा. रेलमधली बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढी खूण दिसते, आतला हात निकामी होऊ शकतो. असं झालं तर दुखत नसलं तरी तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या हॉस्पिटलात जा. इंजिन बंद केल्यावरही काही मिनिटं थांबून, स्कॅनरवर रेल शून्याला आलेलं पाहूनच हात घाला.

फिल्टर बदलताना जुन्यातलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओता. तळाशी पाण्याचे गोळे फिरताना दिसले तर टाकीही रिकामी करून धुवा. बॅरलमधलं डिझेल भरणाऱ्यांनी हे पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी फिल्टरचा ड्रेन स्क्रू सोडून बघावं. हाय प्रेशर पंपाला इंजिन ऑइल मिळत नाही, डिझेलच त्याचं वंगण. डिझेल उन्हात धरल्यावर चांदीसारखी बारीक चमक दिसली तर कुठला तरी धातू झिजतोय याचा तो पुरावा आहे. पंप झिजून कण पुढे गेले असतील, तर नुसता पंप बदलून भागत नाही: रेल, पाइप, इंजेक्टर सगळं साफ करावं लागतं, नाहीतर नवा भागही तसाच जातो.

साधनांबद्दलच्या तक्रारी दोन. कंपाउंड गेजवर व्हॅक्यूमला डायलचा फक्त चौथा हिस्सा मिळतो, त्यामुळे ०.१ आणि ०.१५ मधला फरक डोळे बारीक करून बघावा लागतो. ओढीची लाइन असेल तर उणे १ ते शून्यचं निव्वळ व्हॅक्यूम गेज घ्या, ६३ मिलिमीटर डायलचं. अ‍ॅडॉप्टर सॉकेटमध्ये ठेवला की गाडी बंद असतानाही बॅटरी खात राहतो. गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर काढून डॅशच्या खणात टाकावा.