ई-२० पेट्रोल : इंजिनाला चालतं, कोंबडीला नाही

जळगाव-धुळ्याच्या पंपांवर साधं पेट्रोल म्हणजे आता ई-२०च, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. घ्यावं की नाही हा प्रश्नच उरलेला नाही.

नॉकिंग, म्हणजे इंजिनातली ठकठक, कमी होतं, हे मान्य. ई-२०साठीच बनलेल्या नव्या गाडीला धोकाही नाही. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बाइकला मात्र त्रास आहे. रबरी पाइप फुगतो, फ्लोट बाउलमध्ये (कार्ब्युरेटरची पेट्रोल साठवणारी वाटी) पांढरी भुकटी धरते, पायलट जेट (पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र) चोंदतो. मग किका मारत बसा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून पावसाळ्यात अर्ध्या टाकीनिशी गाडी महिनाभर उभी ठेवू नका. ठेवावीच लागली तर पेट्रोलचा कॉक बंद करून बाउलचा ड्रेन स्क्रू सोडा.

मिश्रणाची शंका आली तर मोजनळीत ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा, दहा मिनिटं थांबा. खालचा थर २८ मिलीच्या आसपास आला तर इथेनॉल २० टक्के.

अ‍ॅव्हरेजचं सांगायचं तर शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१०ला (१० टक्के इथेनॉल) जुळवलेल्या दुचाकीत ३ ते ४ टक्के आणि चारचाकीत ६ ते ७ टक्के घट, असं नीती आयोगाच्याच २०२१च्या अहवालात आहे. भाव मात्र त्या प्रमाणात उतरला नाही.

खरं बिल पंपावर फाटतच नाही. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघतं. इथेनॉल मक्याचं असेल तर १० लिटर ई-२०मागे, म्हणजे त्यातल्या २ लिटर इथेनॉलमागे, सव्वापाच किलो मका गेला. अंड्यावरच्या कोंबडीचा तो जवळपास अडीच महिन्यांचा मका! नवापूरच्या पोल्ट्रीवाल्यांना हा हिशोब समजावून सांगावा लागत नाही. डिस्टिलरीतून चोथा, म्हणजे डीडीजीएस, खाद्याला परत येतो खरा, पण तिसरा हिस्साच. त्यात मका ओला, बुरशी धरलेला असेल तर अफलाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, चोथ्यात सुमारे तिप्पट होतं. लॉट तपासल्याशिवाय घेऊ नये.

मक्याला गिऱ्हाईक वाढलं, हा शेतकऱ्याचा फायदा. पण तोही भरवशाचा नाही: २०२५मध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ डिस्टिलऱ्यांना इथेनॉलसाठी २,२५० रुपये क्विंटलने दिला गेला, त्याच वर्षीच्या खरिपाला मक्याचा हमीभाव २,४००. कारखाना महाग माल कशाला घेईल?

शिवाय रब्बी मक्याला पाच-सहा पाणी लागतात. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, जमिनीतल्या ओलीवर निघते. विहिरीला पाणी आहे तिथे मक्यामुळे दादर मागे पडली, तर घरची भाकरी आणि कडबा दोन्ही विकत आले. मक्याचा चारा कडब्याची सर करत नाही, हे गोठ्यात बैलजोडी असलेला कोणीही सांगेल.