लेबलवर ९८ टक्के, स्पेक्ट्रममध्ये भेसळ: नाशिकमधला पोर्फिरिनचा संच

नाशिकच्या एका लॅब केमिकल्सच्या दुकानात एमएस्सीच्या प्रॅक्टिकलसाठी हा संच मिळतो. टेट्राफिनाइलपोर्फिरिन (टीपीपी; चार पायरोल रिंगा जोडून बनलेली मोठी रंगीत रिंग, म्हणजे पोर्फिरिन) १ ग्रॅम, शिवाय रिंगच्या मधोमध धातू बसवलेले त्याचे झिंक, कॉपर आणि कोबाल्ट कॉम्प्लेक्स प्रत्येकी २५० मिलिग्रॅम. कॉपर आणि कोबाल्ट बेधडक घ्या. टीपीपी घ्या, पण शुद्ध केल्याशिवाय वापरू नका. झिंकची कुपी मात्र घेऊच नका.

टीपीपीचे जांभळे स्फटिक छान चमकतात, त्या चमकेवर जाऊ नका. डायक्लोरोमिथेनमध्ये स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो याचा आलेख) घेतला की ४१७ नॅनोमीटरच्या आसपास उंच सोरे पट्टा (पोर्फिरिनचे सर्वांत जोरदार शोषण) दिसतो आणि पुढे ५१५, ५४९, ५९० व ६४६ ला चार छोटे पट्टे, म्हणजे क्यू पट्टे. हे चार जिन्याच्या पायऱ्यांसारखे उतरत जायला हवेत. या मालात शेवटची पायरी तिसरीपेक्षा उंच आहे. हे क्लोरिनचे काम. (पाण्यात टाकतात तो क्लोरीन वायू नव्हे, पोर्फिरिनच्या एका पायरोल रिंगमधला दुहेरी बंध कमी झाला की हा क्लोरिन बनतो. द्राक्षाच्या पानाला हिरवा रंग देणारे क्लोरोफिल याच कुळातले.) पायरोल आणि बेंझाल्डिहाइड प्रोपिऑनिक ॲसिडमध्ये उकळण्याची १९६७ ची ॲडलर पद्धत स्वस्त आणि झटपट, पण तीत क्लोरिन थोडा राहतोच. तो ६५२ ला टीपीपीच्या दसपट जोराने शोषतो, म्हणून चार-पाच टक्केही लगेच दिसतात. सोरे पट्ट्यावरून शुद्धता काढणारे इथेच फसतात, कारण क्लोरिनचा सोरेही जवळपास तिथेच पडतो.

उपाय: २५० मिलिग्रॅम टीपीपी १२५ मिलि इथेनॉलमुक्त क्लोरोफॉर्ममध्ये रिफ्लक्स करा (वाफ थंड होऊन परत पडेल असे उकळा). १२५ मिलिग्रॅम डीडीक्यू (क्लोरिनचे परत पोर्फिरिन करणारा ऑक्सिडंट) १० मिलि कोरड्या टोल्युइनमध्ये विरघळवून त्यात घाला, ३ तास उकळत ठेवा आणि न्यूट्रल ॲल्युमिनाच्या छोट्या थरातून गाळा. ६४६ चा पट्टा खाली बसला की काम झाले.

झिंकच्या कुपीची टीएलसी (पातळ थरावर घटक वेगळे करणारी चाचणी) ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली धरली तर एकाऐवजी दोन लाल ठिपके चमकतात. वरचा मोकळ्या, म्हणजे धातू नसलेल्या टीपीपीचा. खात्री हवी असेल तर ५१५ ला बघा. झिंकटीपीपी (झिंकचा कॉम्प्लेक्स) तिथे फार कमी शोषते, तरी या मालात तिथे उंचवटा आहे. एक तर धातू पूर्ण बसलेला नाही, नाहीतर नंतर ॲसिडने निघाला आहे. जुन्या क्लोरोफॉर्ममधला एचसीएलचा अंशही त्याला पुरतो. द्रावण हिरवट झाले तर पोर्फिरिनच्या रिंगला ॲसिडचे प्रोटॉन लागले असे समजा. क्लोरोफॉर्म आधी बेसिक ॲल्युमिनातून काढत जा.

त्यापेक्षा झिंकटीपीपी आपल्या लॅबमध्येच बनवा. १०० मिलिग्रॅम शुद्ध टीपीपी ३० मिलि क्लोरोफॉर्ममध्ये, १८० मिलिग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट (सुमारे ५ पट मोल) ५ मिलि मिथेनॉलमध्ये. दोन्ही एकत्र करून तासभर रिफ्लक्स. चार क्यू पट्ट्यांचे दोन झाले (५४८ व ५८६) की थांबा. पाण्याने धुवा, ॲसिडने अजिबात नको. शुद्धीकरणासाठी सिलिका कॉलम लावायचाच असेल तर द्रावकात १ टक्का ट्रायइथिलअमाइन (हा बेस) घाला, नाहीतर सिलिकाच झिंक ओढून काढते.

कॉपरचा माल खरोखर चांगला आहे: ५४० ला एकच ठळक क्यू पट्टा आणि दिव्याखाली पूर्ण अंधार. कॉपरचा एकटा इलेक्ट्रॉन दीप्ती विझवतो, त्यामुळे टीपीपीचा लवलेश जरी असता तरी लाल झाक दिसली असती. कोबाल्टही ठीक; फक्त द्रावणात पिरिडीन जाऊ देऊ नका, हवेत कोबाल्टचे ऑक्सिडेशन होऊन २+ चे ३+ होते.

कुप्या पारदर्शक काचेच्या आहेत. घन मालाला त्याने फरक पडत नाही. टीपीपी आणि झिंकटीपीपीची द्रावणे मात्र फॉइल गुंडाळून ठेवा, कारण उजेडात ती सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप) तयार करतात आणि तोच पुढे रिंग खातो.