डायबेटीसला २५०.०० शिकवणाऱ्या क्लासपासून सावध

बी.फार्म., नर्सिंग, डीएमएलटी करून घरी बसलेल्या आपल्या मराठवाड्यातल्या पोरापोरींना सध्या हमखास एक मेसेज येतो. मेडिकल कोडिंग शिका, तीन महिन्यांत नोकरी, आणि तीही घरबसल्या. आता कोडिंग हे काम खरंच आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यांना विमा कंपनीकडून पैसे मिळतात ते कोडवर. डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजाराला आयसीडी-१०-सीएमचा कोड द्यायचा, आणि डॉक्टरांनी केलेल्या ऑपरेशनला सीपीटीचा. पुणे, हैदराबाद, चेन्नईत कितीतरी लोकांचं घर यावर चालतं. त्याच खऱ्या कामाच्या आडून नांदेडातल्या एका क्लासने आम्हाला लुटलं.

फी पंचेचाळीस हजार. बाबांनी सोयाबीनची पट्टी आली तशी भरली. 'शंभर टक्के नोकरीची हमी' फ्लेक्सवर हाताएवढ्या अक्षरात होती. पावतीवर मात्र 'नोंदणी व साहित्य शुल्क, परत मिळणार नाही' एवढंच.

साहित्य म्हणजे स्पायरल बायंडिंगची झेरॉक्स. पहिलं पान, जिथे पुस्तकाचं साल असतं, ते गायब. त्यात डायबेटीस २५०.००, अपेंडिक्सची सूज ५४०.९, दुर्बिणीने अपेंडिक्स काढण्याचं ऑपरेशन ४७.०१. सर म्हणायचे, पाठ करा, मुलाखतीत फाडफाड सांगता आलं पाहिजे. आम्ही पाढ्यासारखे म्हणायचो. हे सगळे आयसीडी-९ चे कोड होते. अमेरिकेने ते १ ऑक्टोबर २०१५ ला बंद केले. आजचा आजाराचा कोड इंग्रजी अक्षराने सुरू होतो: साधा टाइप २ डायबेटीस ई११.९, अपेंडिक्सची साधी तीव्र सूज के३५.८०. आणि ते ऑपरेशन सर्जनच्या बिलात सीपीटीच्या ४४९७० ने जातं.

हे कळलं ते पुण्यातल्या मुलाखतीत. मॅडमनी कागदावर केस दिली: टाइप २ डायबेटीस, शिवाय किडनीचा जुनाट आजार. मी पाठ केलेले आकडे लिहिले. त्यांनी कागद फिरवून पाहिला आणि विचारलं, ''बाळा, हे कोणी शिकवलं तुला?'' मग स्वतःच पेन घेऊन ई११.२२ लिहिलं, खाली किडनीच्या टप्प्यासाठी एन१८. दोन आजारांचा संबंध डॉक्टरांनी लिहिला नसला तरी इथे नियमाने तो धरतात, संबंध नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तरच सोडतात. आमच्या सरांना हा नियम ठाऊक असेल असं मला आजही वाटत नाही.

मग सर्टिफिकेटकडे बघू लागले. वर सोनेरी गोल शिक्का, खाली 'सीपीसी'. सीपीसी म्हणजे परीक्षा देऊन मिळणारं कोडिंगचं सर्टिफिकेट, आणि खरी सीपीसी एएपीसी ही अमेरिकी संस्था देते. शंभर प्रश्न, चार तास, सत्तर टक्के लागतात, आणि कोडची पुस्तकं जवळ ठेवायची मुभा असते, म्हणजे ते पाठांतरही फुकटच गेलं. नव्या माणसाला आधी सीपीसी-ए मिळते, अनुभवानंतर तो 'ए' निघतो. नाव आपण स्वतः नोंदवतो, आणि सर्टिफिकेट खरं की खोटं हे त्यांच्या साइटवर तपासता येतं. आमच्याकडून 'आंतरराष्ट्रीय परीक्षा फी' वेगळी घेतली आणि पेपर घेतला गूगल फॉर्मवर.

सगळ्यात वाईट 'लाइव्ह प्रोजेक्ट'. अमेरिकेतले पेशंट म्हणून व्हॉट्सॲपवर जे फोटो यायचे, ते आपल्याच भागातल्या दवाखान्यांची डिस्चार्ज कार्डं होती. एका आजीचं नाव, गाव, मोबाइल नंबर, गर्भाशयाचं ऑपरेशन, सगळं उघडं. खऱ्या कंपनीत पेशंटच्या कागदाचा फोटो काढला तरी नोकरी जाते. पेशंटची माहिती गुप्त राहावी यासाठी अमेरिकेत १९९६ पासून हिपा कायदा आहे. व्हॉट्सॲपवर पेशंटचे कागद पाठवणारा कोणीही असो, तिथून उठा.

पैसे देण्याआधी चालू सालचं छापील पुस्तक हातात मागा. आयसीडी-१०-सीएम दर ऑक्टोबरला बदलतं आणि त्याची यादी अमेरिकी सरकारच्या साइटवर फुकट मिळते, त्यामुळे झेरॉक्सवर जुने कोड शिकवायला काही सबबच उरत नाही. सीपीटीचे हक्क अमेरिकन मेडिकल असोसिएशनकडे आहेत; ते पुस्तक महाग असतं, आणि क्लासवाले नेमकं तिथेच पैसे वाचवतात.

आम्ही काही जणांनी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, दोन वर्षांत जावं लागतं. फ्लेक्सचे फोटो जपून ठेवलेले कामी आले, कारण कोचिंगवाल्यांनी नोकरीच्या खोट्या हमीची जाहिरात करू नये असं केंद्राने नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं आहे. नोटीस गेल्यावर सरांचा फोन आला: वीस हजार घ्या, गूगलवरचा रिव्ह्यू काढा. काढलेला नाही. परभणीच्या मैत्रिणीने परवा फोटो पाठवला, तिकडे 'एआय मेडिकल कोडिंग'चा नवा फ्लेक्स लागलाय. क्लासचं नाव वेगळं आहे, मोबाइल नंबर तोच.