चष्मा घालून राइडवर: तीन प्रकारचे पट्टे, आठ महिन्यांचा वापर

माझा नंबर मायनस साडेसहा आहे. चष्मा काढला की साधारण १५ सेंटीमीटरपलीकडचं सगळं धूसर, म्हणजे हात लांब केला तर स्वतःची बोटंही नीट दिसत नाहीत. १९८९ साली गोराईला एस्सेलवर्ल्ड हे मनोरंजन पार्क सुरू झालं आणि त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाळेची सहल तिथे गेली, मार्व्याहून बोटीने. प्रत्येक पाळण्याआधी बाई म्हणायच्या, "चष्मेवाल्यांनी चष्मे इकडे द्या गं," आणि त्यांच्या पर्समध्ये सात-आठ चष्मे जमायचे. त्या दिवशी मी बहुतेक सगळ्या राइड केल्या. आठवणीत आहेत ते फक्त रंगांचे डाग आणि मैत्रिणींच्या किंकाळ्या.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे माझा मुलगा. वय ११, नंबर मायनस सव्वातीन. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मुंबईजवळच्या एका पार्कात आम्ही झुलत्या बोटीवर बसलो होतो. बोट एका टोकाला पोचली, त्याने खाली वाकून पाहिलं आणि चष्मा नाकावरून अलगद सुटला. राइड थांबल्यावर सापडला तो वाकलेला, एक काच नसलेला. उरलेला दिवस तो प्रत्येक जिन्यावर माझा दंड धरून विचारत होता, "आई, पायरी संपली का?" घरी आल्यावर त्याच आठवड्यात मी चष्मा धरून ठेवणारे पट्टे शोधायला लागले.

तीन गोष्टी आणल्या. काडीच्या टोकाला अडकवायचे सिलिकॉनचे छोटे हुक, साठ रुपये जोडी. मागे मणी सरकवून घट्ट करायचा सिलिकॉनचा गोल पट्टा, १८० रुपये. आणि निओप्रीनचा रुंद पट्टा, ३५० रुपये. पाणबुड्यांचे पोशाख शिवतात तेच हे कापड.

पण ते वापरण्याआधी आमच्या गल्लीतल्या चष्मेवाल्या काकांनी जे सांगितलं ते मला या सगळ्या खरेदीपेक्षा मोलाचं वाटतं. मी पट्टे घेऊन गेले तर ते म्हणाले, "ताई, आधी फ्रेम बसवून घ्या. सैल फ्रेमला पट्टा बांधलात तर ती पडणार नाही, पण नाकावर नाचत राहील." त्यांनी काड्यांची टोकं गरम केली आणि वाक बरोबर कानाच्या मागच्या खाचेत येईल असा दिला. मुलाच्या चष्म्यात तो वाक जवळजवळ एक सेंटीमीटर मागे होता, म्हणजे चष्मा कानाला धरूनच नव्हता, फक्त नाकावर टेकलेला होता. नोजपॅडही थोडे आत घेतले. पैसे घेतले नाहीत. वाढत्या वयाच्या मुलांचा चष्मा सहा महिन्यांत सैल होतो, त्यामुळे हे पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं.

चष्मा नेमका कधी पडतो, याची माझी समजूत आधी चुकीची होती. मला वाटायचं, रोलरकोस्टर उलटा झाला की पडणार. प्रत्यक्षात वेगात घेतलेल्या गोल फेरीत आपण सीटवर दाबले जातो आणि चष्माही तसाच चेहऱ्यावर दाबला जातो. धोका असतो तो चढाच्या माथ्यावर, जिथे पोटात गोळा येतो आणि अंग सीटवरून क्षणभर उचललं जातं. तेव्हा चष्म्यालाही वजन उरत नाही. झुलत्या बोटीच्या टोकाला हेच होतं. दुसरा धोका अचानक वळणाचा, डोकं एकीकडे झटकलं जातं आणि फ्रेम दुसरीकडे राहते. तिसरा धोका वाऱ्याचा. इमॅजिका पार्कातल्या नायट्रो या रोलरकोस्टरचा वेग ताशी १०५ किलोमीटरच्या आसपास जातो, म्हणजे सेकंदाला २९ मीटर. एवढ्या वाऱ्यात मान जरा वर केली की वारा काचेच्या खालून शिरतो.

आता वापराबद्दल.

हुक मी महिन्याभरात बाजूला ठेवले. घसरणं थांबतं हे खरं, घामाने चष्मा खाली येत नाही, वाचताना बरे वाटतात. पण झटका बसला तर ते धरून ठेवत नाहीत, आणि मुलाच्या कानामागे तिसऱ्या दिवशी लाल वळ उठले. राइडसाठी हुकांवर विसंबू नका.

सिलिकॉनचा पट्टा आमचा रोजचा झाला. लावायची एक पद्धत आहे आणि ती चुकली तर पट्टा निरुपयोगी ठरतो. पट्ट्याच्या टोकाच्या नळीत काडी निदान दोन-अडीच सेंटीमीटर आत जायला हवी. पट्टा डोक्यामागच्या उंचवट्याला धरून सरळ मागे ओढला गेला पाहिजे. तो मानेवर उतरला तर काड्यांची टोकं खाली ओढली जातात आणि पुढून चष्मा नाकावरून वर उचलला जातो. पट्टा आणि डोकं यांच्यामध्ये एक बोट जाईल एवढीच ढील ठेवा. मग खाली वाकून मान जोरात हलवून बघा. गळ्यात चष्मा अडकवायची लांब दोरी मात्र राइडवर कधीच घालू नये. ती कशात अडकली तर गळ्याला फास बसेल.

केस लांब असतील तर आणखी एक गोष्ट. पट्टा केसांच्या खालून घ्यावा, वरून घेतला तर वेणीवरून सरकतो. आणि त्या दिवशी केसांना तेल नको. खोबरेल तेल काडीपर्यंत पोचलं की सिलिकॉनची नळी हळूच बाहेर सरकायला लागते. हे मला डिसेंबरात माहीमच्या उरुसाच्या जत्रेत कळलं. आकाशपाळण्यात बसायच्या आधी सहज हात लावून पाहिला तर एक टोक अर्धं निघालेलं. ओढणीने काडी पुसली, पुन्हा बसवलं.

त्या पाळण्यातून मी पहिल्यांदा वरून काहीतरी पाहिलं. खाली बर्फगोळ्याच्या गाड्यांचे दिवे, दर्ग्याची रोषणाई, मागे काळा समुद्र आणि त्यावर सी लिंकच्या तारा एकेक मोजता येतील अशा. मुलगा म्हणाला, "आई, तू डोळे उघडे ठेवलेस!" मी लहानपणी भीतीने डोळे मिटत नव्हते रे, मला दिसतच नव्हतं, हे मी त्याला तिथेच सांगितलं.

निओप्रीनचा पट्टा पाण्यासाठी. घेतल्यावर आधी घरी बादलीत टाकून पाहिला. माझ्या जाड काचांचा चष्मा सिलिकॉनच्या पट्ट्यासकट तळाला गेला, निओप्रीनच्या पट्ट्यासकट तरंगत राहिला. मे महिन्यात वॉटर पार्कात तीन तास वापरला, लाटांच्या तलावातही हलला नाही. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नका असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात, कारण पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून बुबुळाला गंभीर संसर्ग करू शकतात. त्यामुळे माझ्यासारखीला पट्टा हाच मार्ग. दोन तक्रारी आहेत. काडी बारीक धातूची असेल तर याची बाही सैल पडते, मुलाच्या जाड प्लॅस्टिकच्या काड्यांवर मात्र घट्ट बसते. आणि पावसाळ्यात हा दोन दिवस वाळत नाही, कुबट वास धरतो. साबणाच्या पाण्यात धुऊन पंख्याखाली टांगते.

ज्याचा विचारही केला नव्हता असा उपयोग लोकलमध्ये झाला. मी मुलुंडहून फास्ट गाडीने दादरला उतरते. उतरताना कोणाचा कोपर, कोणाच्या पर्सचा पट्टा चष्म्याला लागला नाही असा आठवडा जात नाही. दोनदा चष्मा चेहऱ्यावरून पूर्ण निघाला आणि मागच्या पट्ट्यामुळे हनुवटीखाली लटकला. तो फलाटावर पडला असता तर त्या गर्दीत वाकायचं कसं?

पट्टा म्हणजे परवाना नव्हे, हेही सांगते. राइडवरचा कर्मचारी चष्मा काढा म्हणाला तर काढायचा, वाद घालायचा नाही. वेगात सुटलेला चष्मा मागच्या सीटवरच्या माणसाच्या तोंडावर बसू शकतो. खांद्यावरून येणारी सुरक्षापट्टी डोक्याच्या दोन्ही बाजूंना असते अशा झटक्यांच्या राइडवर मी स्वतःच काढते, कारण कानाशी काडी आपटते. तेव्हा चष्मा कडक डबीत, डबी लॉकरमध्ये. उन्हात उभ्या गाडीत मात्र ठेवू नका. उष्णतेने काचेवरच्या कोटिंगला बारीक तडे जातात आणि ते पुसून जात नाहीत.

मुलाच्या नव्या चष्म्याला पॉलीकार्बोनेटच्या काचा घेतल्या. आपटल्या तरी सहज फुटत नाहीत आणि वजनाला हलक्या आहेत. ओरखडे मात्र लवकर पडतात, म्हणून आधी पाण्याखाली धुवायच्या, मग पुसायच्या.

सिलिकॉनचा पहिला पट्टा पाचव्या महिन्यात नळीच्या तोंडाशी चिरला. चीर आधी केसाएवढी दिसते, तेव्हाच बदलावा. आता प्रत्येक सहलीच्या आदल्या रात्री दोन्ही टोकं दिव्याखाली ताणून बघते. जादा पट्टा पर्समध्ये असतोच. गेल्या महिन्यात तो मुलाच्या वर्गातल्या एका मुलीला दिला, कारण पाळण्याच्या रांगेत ती चष्मा काढून आईकडे देत होती.