अंगठ्याखाली काय आहे ते विचारलंच नाही

मुलीच्या एअर रायफलचे जुने भाग घेताना फसलो. एकूण गेले 36,350 रुपये. हवेच्या सिलिंडरचे 14,000, डायॉप्टरचे (नेम धरायला डोळ्याजवळ बसवतात ते) 21,500, कुरिअरचे 850. आकडा लिहितानाही लाज वाटते, कारण मी शिरोली एमआयडीसीत 22 वर्षं लेथवर काढलेला टर्नर आहे. आटे नुसते बघून पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, सांगणारा माणूस आट्यांतच फसला.

मुलगी दहा मीटर एअर रायफल शूटिंग करते. स्वप्निल कुसाळेला 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकला नेमबाजीत ब्राँझ मिळालं आणि आमच्या रेंजवर पोरांची रांग लागली, त्यात आमचीही. नवी मॅच रायफल माझ्या आवाक्याबाहेर. म्हणून एका सीनियर पोराकडून जुनी बॉडी घेतली आणि बाकीचं एकेक करून जमवायचं ठरवलं. यात मूर्खपणा काही नव्हता, निम्मी पोरं असंच करतात.

व्हॉट्सॲपवर एक जण भेटला, परराज्यातला. आधी बट प्लेट, म्हणजे खांद्याला टेकणारा भाग, घेतली, 6,500 ला. तिसऱ्या दिवशी आली, एकदम चोख. पुढचं तुम्हाला कळलंच असेल. तरी सांगतो, पहिला व्यवहार नीट झाला म्हणजे माणूस नीट, असं धरू नका.

मग सिलिंडर. त्यानं पाच फोटो पाठवले. पाचही फोटोंत सिलिंडर हातात धरलेला आणि अंगठा नेमका एकाच जागी, जिथं तारखेचा शिक्का असतो तिथं. नखाखाली काळा डाग, मार लागल्यासारखा. तो डाग मला दिसला, ‘हा पण कारखान्यातलाच दिसतोय’ असं मनात आलं आणि उलट बरंच वाटलं! पाच फोटोंत एकदाही अंगठा का हलत नाही, हे त्या रात्री सुचलं नाही. मुलगी म्हणाली होती, “पप्पा, तारीख विचारा की.” मी म्हटलं, विचारू. बालेवाडीच्या स्पर्धेला दहा दिवस राहिले होते, तो म्हणत होता दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, आणि मी पैसे टाकले.

या सिलिंडरांना दहा वर्षांची मुदत असते. मुदत आहे की संपली हे बघणं नेमबाजाचंच काम, तपासणीत पंच अडवू शकतात. आमच्याकडे आला त्यावर कंपनीचं नवंकोरं स्टिकर होतं. थिनरनं काढलं तर खाली 2012. शिवाय आटे वेगळे. दीड फेरा गेला आणि अडकला. पिच गेज लावलं तेव्हा हात थरथरत होते, रागानं. ‘तुमच्याच मॉडेलचा आहे’ असं त्यानं लिहून दिलेलं आहे. अडॅप्टर मी तासाभरात कापला असता, पण आत 200 बार दाबाची हवा आणि जवळच पोरीचा चेहरा. कुणीही, अगदी कुणीही, आटे मारून बसवायला जाऊ नका.

डायॉप्टर खोक्यातून जर्मन आणि आतून नकली. रेलवर बसला छान. पण नेम सरकवायचा स्क्रू दहा क्लिक उजवीकडं, दहा क्लिक परत डावीकडं फिरवला, तर शून्यावर येईना. टार्गेटवरचा टेनचा, म्हणजे दहा गुणांचा, ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो हो! पैसे देण्याआधी व्हिडिओ कॉलवर क्लिक मोजून घ्या.

आता साहेब लोक. चौकीत ‘रायफल’ म्हटल्याबरोबर हवालदारांनी परवाना मागितला. 4.5 मिलिमीटरच्या, 20 जूलच्या आतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही, हे मीच त्यांना समजावत बसलो, अर्धा तास, तेही आरोपीसारखा उभा राहून. मग म्हणाले, “काका, माल आलाय ना तुम्हाला? मग फसवणूक कसली?” म्हणजे रिकामं खोकं आलं असतं तर बरं झालं असतं! 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढं काही नाही. सायबरवाले म्हणतात पोलीस ठाण्यात जा, ठाण्यातले म्हणतात सायबरला जा, नाहीतर ग्राहक आयोगात. आयोगाबाहेरचे वकील म्हणतात तो दुकानदार आहे हे आधी सिद्ध करा. बँक म्हणते पिन तुम्हीच टाकला. फसवणुकीच्या कलम 318 चा (भारतीय न्याय संहिता) अर्ज मी स्वतः टाइप करून नेला. तो ‘हद्दीचा प्रश्न आहे’ म्हणून परत दिला. झीरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवणं, म्हटलं की समोरचा मोबाईल बघायला लागतो. चार दिवस रजा गेली, ते पैसे वर धरलेलेच नाहीत. एकच करा, अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. मी उठलो.

पोरगी बालेवाडीला सरांचा जुना सिलिंडर लावून खेळली. मला काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

परवा इचलकरंजीच्या एका पालकानं फोटो पाठवला, घेऊ का म्हणून. नंबर वेगळा, नाव वेगळं, किंमत 12,500. सिलिंडर हातात धरलेला, आणि नखाखाली तोच काळा डाग.