पायरेट्सचा जीएम म्हणून आठ महिने, अकरा सीझन

आधीच सांगून टाकतो, हा बेसबॉल टीमचा जीएम (जनरल मॅनेजर, म्हणजे टीम चालवणारा) व्हायचा कॉम्प्युटर गेम आहे, यात बॅट फिरवता येत नाही, बॉल टाकता येत नाही, पळता येत नाही. याद्या आहेत, आकडे आहेत, आणि एक "पुढचा दिवस" नावाचं बटण आहे. पहिल्याच आठवड्यात बायकोने मागून डोकावून विचारलं, "सुट्टीच्या दिवशी कुणाची पगारपत्रकं तपासतोयस?" आणि मला उत्तर सुचेना, कारण मी तेव्हा खरंच खालच्या लीगमधल्या एका रिलीव्हरचा (बदली पिचरचा) पगार बघत बसलो होतो.

मी मूळचा क्रिकेटवाला. बेसबॉल म्हणजे हायलाइट्समध्ये दिसला तर बघायचा एवढंच. पिट्सबर्ग पायरेट्स का घेतली, तर २००८ मध्ये रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेकवाल्या दोन पोरांना साइन करणारी हीच टीम. दोघांपैकी कुणीच मेजर लीगपर्यंत (सगळ्यात वरच्या लीगपर्यंत) पोचलं नाही, पण टीमचं नाव डोक्यात राहिलं होतं. घेतल्यावर बघतो तर जिंकलेली शेवटची वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची फायनल) १९७९ ची, आणि १९९३ ते २०१२ सलग २० सीझन विजयांपेक्षा पराभव जास्त. म्हटलं चला, आपण अजून काय बिघडवणार.

बरंच बिघडवता येतं.

पहिला महिना तर नुसता नियम कळण्यात गेला. २६ जणांची टीम, तिच्यामागे ४० जणांची यादी, त्याखाली फार्म, म्हणजे खालच्या लीगमधल्या आपल्याच टीम्स: इंडियानापोलिसला ट्रिपल-ए, अल्टूनाला डबल-ए, आणखी खाली लहान पोरं. ४० च्या यादीतल्या पोराला वर-खाली करायला साधारण तीन सीझनच्या ऑप्शन्स मिळतात, त्या संपल्या की खाली पाठवण्याआधी तो वेव्हर्सवर जातो आणि बाकीच्या २९ टीम्सपैकी कुणीही त्याला उचलू शकतं. हे मला एक बरा चाललेला डावखुरा पिचर फुकटात गेल्यावर कळलं. गेमने चेतावणी दिली होती बरं का, पण ती अशा सतरा चेतावण्यांमध्ये होती की मी सगळ्यांना ओके ओके करत गेलो.

तोच प्रकार रूल फाइव्हचा. कमी वयात साइन केलेला पोरगा ठरावीक वर्षं फार्ममध्ये राहिला (१८ किंवा त्याआधी घेतला असेल तर पाच सीझन, नंतर घेतला असेल तर चार) की नोव्हेंबरमध्ये त्याला ४० च्या यादीत टाकावं लागतं, नाहीतर डिसेंबरच्या ड्राफ्टमध्ये दुसरी टीम १ लाख डॉलर भरून त्याला घेऊन जाते, अट एवढीच की पुढचा पूर्ण सीझन त्याला २६ मध्ये ठेवायचं. माझा एक २२ वर्षांचा कॅचर होता, बॅटिंग यथातथा पण हात असा की बेस चोरायला कुणी धजत नसे. नोव्हेंबरात रात्री दीड वाजता मी झोपेत "पुढचा आठवडा" दाबलं, डेडलाइन गेली, पोरगा गेला. दुसऱ्या दिवशी याबद्दल वाचत बसलो तर कळलं की रॉबर्टो क्लेमेंटे, म्हणजे पायरेट्सचा देवच, तोसुद्धा १९५४ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून याच वाटेने पायरेट्सकडे आलेला. पुढे बरोब्बर ३००० हिट्स, आणि ३१ डिसेंबर १९७२ ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान पडून गेला. डॉजर्सच्या लोकांना पुढची १८ वर्षं काय वाटत असेल याची एक बारीकशी चव मला त्या कॅचरने दिली, तो अजून खेळतोय, आणि आमच्या पोरांना अजून सेकंड बेसवर आउट करतोय.

आकड्यांचं सांगायचं तर हा गेम डोळ्यांवर विश्वास ठेवणाऱ्याला बडवून काढतो. दुसऱ्या सीझनला माझा लेफ्ट फील्डर जूनपर्यंत .३४० ने मारत होता (म्हणजे शंभरात ३४ वेळा हिट), मी खूश, चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. त्याचा बॅबिप बघायला हवा होता, म्हणजे होम रन सोडून मैदानात खेळल्या गेलेल्या बॉल्सवर किती वेळा हिट मिळाला ते. हा आकडा सगळ्या लीगचा मिळून .३०० च्या आसपास असतो, याचा .४०० होता. क्रिकेटच्या भाषेत, गड्याच्या सगळ्या एजेस स्लिपच्या मधून जात होत्या. पुढच्या वर्षी फील्डर होते तिथेच उभे राहिले आणि आमचा गडी .२४५ वर आला, कॉन्ट्रॅक्ट मात्र जागच्या जागी. एका सीझनला तर आम्ही ९१ मॅचेस जिंकलो आणि मी स्वतःला फार मोठा समजायला लागलो, प्रत्यक्षात त्या वर्षी आम्ही केलेल्या रन्सपेक्षा दिलेल्या रन्स जास्त होत्या. बेसबॉलच्या आकड्यांचा अभ्यासक बिल जेम्स, त्याचं एक सोपं सूत्र आहे, केलेल्या रन्सचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज, त्यातून किती टक्के मॅचेस जिंकायला हव्यात ते साधारण कळतं. आमचं उत्तर निम्म्याच्या खाली येत होतं. ते बघूनही मी टीम तशीच ठेवली. पुढच्या वर्षी ७४.

आणि हो, मैदान. आमच्या पीएनसी पार्कच्या लेफ्ट-सेंटरला भिंत पार मागे, ४१० फुटांवर गेलेली आहे, उजव्या हाताच्या दणकेबाज बॅटरचं तिथे स्मशान. राइट फील्ड त्यामानाने जवळ, भिंत २१ फुटी (क्लेमेंटेच्या जर्सीचा नंबर). हे मला माहीत होतं. तरी मी उजव्या हाताचा दणकेबाज बॅटर विकत घेतला. जाऊ द्या.

आता तात्या. हा आमचा क्लोजर (शेवटी येऊन मॅच संपवणारा पिचर), गेमनेच तयार केलेला काल्पनिक खेळाडू, नाव उच्चारायला अवघड म्हणून मी तात्या म्हणायचो. मला तो फार आवडायचा, म्हणून मी त्याला दोनदा एक्स्टेन्शन दिलं, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. सातव्या सीझनच्या जुलैत टीम तळाला, ट्रेडच्या (खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) डेडलाइनला दोन दिवस, एक टीम तात्याच्या बदल्यात दोन चांगली पोरं द्यायला तयार. ट्रेड पाठवला तर लाल अक्षरांत उत्तर, खेळाडूची संमती नाही. मेजर लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच एकाच टीमकडे झाली की खेळाडूला ट्रेड नाकारता येतो. कर्ट फ्लड नावाच्या खेळाडूने १९६९ मध्ये फिलीजकडे जायला नकार देऊन कोर्टापर्यंत लढा दिला, तो केस हरला पण पुढे खेळाडूंना हा हक्क मिळाला. आणि तात्याची ती पाच वर्षं मीच एक्स्टेन्शन देऊन पुरी केलेली. तात्या ३७ व्या वर्षापर्यंत आमच्याकडेच राहिले, शेवटी शेवटी रोज दोन रन्स देऊन जायचे.

पण हे सगळं किरकोळ. आठ महिने ज्याच्यामुळे चिकटून राहिलो आणि ज्याच्यामुळे एकदा रागाने लॅपटॉप मिटला तो माझा शॉर्टस्टॉप, म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फील्डर.

नव्या पोरांच्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने निवडतात तो) पाचव्या नंबरवर घेतलेला. स्काउटने २० ते ८० च्या पट्टीवर पुढे जाऊन ७० होईल असं लिहिलेलं, माझे स्काउट नेहमी दहाने जास्त सांगतात, पण हा खरंच निघाला. २१ व्या वर्षी इंडियानापोलिसला सगळ्यांना धुतोय, स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये धुतोय, टीमला शॉर्टस्टॉप नाही, ओपनिंग डे उद्यावर. आणि मी त्याला खाली पाठवला.

का, तर सर्व्हिस टाइम. सीझन साधारण १८७ दिवसांचा असतो, त्यातले १७२ दिवस वर काढले की एक वर्ष धरतात, आणि अशी सहा वर्षं भरली की खेळाडू फ्री एजंट, म्हणजे कुठल्याही टीमकडे जायला मोकळा. सुरुवातीचे अडीच आठवडे खाली ठेवला की त्या वर्षी १७२ भरत नाहीत, म्हणजे टीमला तो फुकटात एक वर्ष जास्त मिळतो. खऱ्या जगात २०१५ मध्ये शिकागो कब्स टीमने क्रिस ब्रायंटला १७ एप्रिलला वर आणलं, त्याचे १७१ दिवस झाले, एक कमी. त्याने दाद मागितली आणि २०२० मध्ये निकाल विरुद्ध गेला. ती हकिकत वाचताना मी त्या टीमला मनात काय काय बोललो होतो. आणि आता स्वतः कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजत होतो. पोराच्या मोरालसमोर (मनोबलासमोर) हिरवा चेहरा असायचा तो लाल झाला, मी स्क्रीन बदलली.

त्या अडीच आठवड्यांत ज्याला शॉर्टला उभा केला त्याने सहा एरर्स केल्या. सीझन संपला तेव्हा आम्ही वाइल्ड कार्डपासून (प्लेऑफच्या शेवटच्या जागेपासून) एका मॅचने मागे. हे एक.

दुसरं म्हणजे, २०२२ च्या करारापासून नवीन नियम आहे की रूकी ऑफ द इयरच्या (वर्षातल्या सर्वोत्तम नवख्याच्या) मतदानात पहिल्या दोनात आलेल्याला पूर्ण वर्षाचं सर्व्हिस मिळतं, कितीही उशिरा वर आणलेला असो. पायरेट्सच्याच पॉल स्किन्सला २०२४ मध्ये असंच मिळालं, मे महिन्यात वर येऊनही, कारण तो पहिला आला. मला हा नियम माहीत होता! फक्त माझं पोरगं उशिरा येऊन दुसरं येईल असं वाटलं नव्हतं. तर ते दुसरं आलं. म्हणजे वाचवलेलं वर्ष पण गेलं, प्लेऑफ पण गेला, आणि पोरगं कायमचं नाराज ते वेगळंच. पुढे मी आठ वर्षांचं एक्स्टेन्शन पुढे केलं, मालकाने दिलेल्या बजेटच्या बाहेर जाऊन केलं, तर उत्तर आलं की फ्री एजन्सी आजमावायची आहे. नवव्या सीझननंतर गेला. दहाव्या सीझनला आमची आजवरची सगळ्यात भारी टीम होती, ९८ विजय, फक्त शॉर्टस्टॉप नव्हता. पाच मॅचच्या सिरीजमध्ये तीन-एकने बाहेर. आता प्लेऑफ म्हणजे निम्मी लॉटरी हे मलाही कळतं, २००१ चे मरीनर्स ११६ जिंकूनही वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचले नाहीत, पण त्या चौथ्या मॅचमधला जो ग्राउंडर (जमिनीलगतचा बॉल) शॉर्टच्या बाजूने निघून गेला तो मला अजून दिसतो. दिसतो म्हणजे काय, एका ओळीत लिहून आला होता.

तक्रारी आहेतच. कॉम्प्युटरच्या टीम्सना अजूनही तीन साधे खेळाडू देऊन एक चांगला काढता येतो, सेटिंगमध्ये ट्रेड अवघड केले तरी पूर्ण जात नाही, मी स्वतःवरच बंधन घालून घेतलंय की एकास तीन करायचं नाही. स्क्रीन्स अफाट, एकच माहिती चार ठिकाणी आणि हवी ती पाचव्या. दहा सीझननंतर सेव्ह फाइल इतकी फुगते की एक महिना पुढे जायला माझ्या जुन्या लॅपटॉपला बराच वेळ लागतो, सातव्या सीझनला ती एकदा उघडेचना, जुनी कॉपी होती म्हणून वाचलो, तेव्हा कॉपी ठेवा. पिचर्सच्या कोपरांचं तर विचारू नका, १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर जे ऑपरेशन पहिल्यांदा केलं ते माझ्या टीममध्ये एका वर्षात चौघांवर झालं, प्रत्येकी वर्ष-दीड वर्ष बाहेर. हा मात्र गेमचा दोष नाही म्हणे, हल्ली खऱ्यातही तसंच चाललंय.

नवीन माणसाला एकच सांगेन, पहिल्या सीझनला मॅचमधले निर्णय, बॅटिंग ऑर्डर, पिचर कधी बदलायचा, हे सगळं कॉम्प्युटरच्या मॅनेजरला देऊन टाका आणि फक्त यादी, पगार, ट्रेड सांभाळा. सगळं एकदम हातात घेतलं तर १६२ मॅचेसमध्ये एप्रिलच संपत नाही.

माझ्या सेव्हमध्ये आता २०३६ चालू आहे. न्यूयॉर्क मेट्स टीम निवृत्त बॉबी बोनिलाला जुन्या कराराचे २०११ पासून दर १ जुलैला जे जवळपास १२ लाख डॉलर देतायत तेसुद्धा फिटले (बोनिलाही जुना पायरेटच). मालकाने तीन वर्षांत वर्ल्ड सिरीजचं टार्गेट दिलंय, दोन गेली. इंडियानापोलिसला एक सेंटर फील्डर आहे, वय २०, स्काउट ६५ म्हणतोय म्हणजे ५५ धरा. ओपनिंग डे उद्या आहे, २६ मधली एक जागा रिकामी आहे, परवा रात्रीपासून सेव्ह तिथेच उभी आहे आणि मी कॅलेंडर दोनदा उघडून बंद केलंय.